हौदात सरळ जाणारे मासे

मावशीच्या घरामागे एक लांबलचक हौद होता. त्या जागेत पूर्वी दवाखान्याच्या चादरी धुण्याचा कारखाना होता. कारखाना बंद पडला, चादरी गेल्या, साबणाचा वास बरीच वर्षं रेंगाळून शेवटी तोही गेला. हौद तेवढा राहिला. सिमेंटचा, कमरेएवढा उंच, दोन हात रुंद आणि लांबीला चांगली पंचवीस पावलं. या टोकावरून त्या टोकाच्या माणसाशी बोलायचं तर आवाज चढवावा लागे. मावशीच्या नवऱ्याशी बोलायचं असेल तर आवाज चढवूनही उपयोग नव्हता. तो बोलतच नसे. लोक त्याला घुम्या म्हणत, आणि तोंडावर म्हणत, कारण त्यावरही तो काही बोलत नसे.

हौदाला लागूनच त्याची कामाची खोली होती. दुपारचं ऊन हौदातल्या पाण्यावर पडायचं आणि तिथून उसळून खिडकीवाटे खोलीच्या छताला लागायचं. मग छतभर उजेडाची जाळी हलत राहायची. खाली बाकावर भुसा, रंगाच्या बाटल्या, बारीक पटाश्या, आणि दोरीवर वाळत टांगलेले पंधरा-वीस लाकडी मासे. वर पाणी आणि खाली मासे, असा सगळा उलटा कारभार. मावशी दुपारची कामं उरकून तिथेच चटईवर आडवी व्हायची आणि अर्धवट मिटल्या डोळ्यांनी वर बघत राहायची. आपण काठावर आहोत की तळाशी, हे तिला धड कळायचं नाही, आणि कळून घ्यायची घाईही नसायची.

ते मासे म्हणजे खेळणी नव्हेत. तळ्यावर गळ टाकून तासन्‌तास बसणारे लोक असतात ना, त्यांच्यासाठी केलेले खोटे मासे. मधल्या बोटाएवढं लाकूड, पोटात शिशाचा गोळा, हनुवटीला पत्र्याची जीभ, पोटाखाली तीन तोंडांचा गळ, आणि नाकात तारेची बारीक कडी. पाण्यात न दिसणारा जो चिवट दोरा असतो, ज्याला तंगूस म्हणतात, तो त्या कडीला बांधायचा आणि ओढायचा. मग ते लाकूड अंग मुरडत, शेपटी झटकत असं काही निघतं की तळ्यातला खरा मासा फसतो आणि कधीकधी काठावरचा माणूसही.

घुम्या मुळात दारं-खिडक्यांच्या चौकटी करणारा सुतार. कंबर धरली तेव्हा जड काम सुटलं. त्याचा एकुलता एक मित्र म्हणजे वस्तीतला पोस्टमन. हा पोस्टमन आठवड्यातले सहा दिवस लोकांच्या दारात आणि सातव्या दिवशी तळ्यावर. त्याने एक मोडका, दुकानातला मासा आणून बाकावर ठेवला आणि म्हणाला, असा एक करून दे, तुला काय अवघड आहे. घुम्याने चौकटीच्या उरलेल्या तुकड्यातून करून दिला. त्याला आता सत्तावीस वर्षं झाली होती.

मासे घुम्या करायचा आणि गाठ मावशी मारायची. ही वाटणी कुणी ठरवली नव्हती. पहिल्या दिवशी घुम्याच्या जाड बोटांना तंगूस सापडेना, तो मावशीने ओढून घेतला, तो तिच्याकडेच राहिला. तंगूस कडीतून ओवायचा, त्याच्याच अंगाभोवती पाच वेढे द्यायचे, टोक मागे आणून पहिल्या फटीतून काढायचं, ओठांत धरून ओलं करायचं आणि ओढायचं. कोरडी गाठ ओढली की तंगूस घासून करपतो आणि ऐन वेळी दगा देतो.

लग्नाआधी मावशी पोती शिवायच्या कारखान्यात होती. शाळेला तिने दुसरीतच रामराम ठोकला होता. कारखान्यात एकदा दाभण उजव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या सांध्यातून आरपार गेलं आणि ते बोट कायमचं ताठ झालं. याचा तिला एक फायदाही झाला. तिने नुसता हात वर केला तरी समोरच्याला वाटे, बाई आपल्यावर बोट रोखतेय, आणि तो निम्मं भांडण तिथेच सोडून देई. पण गाठ आवळताना ते बोट कामाचं नव्हतं. म्हणून शेवटचा दाब ती अंगठ्याच्या नखाने द्यायची. इतकी सवय की डोळे मिटूनही जमायचं. पुष्कळदा ती मिटूनच करायची. पाच वेढे मोजता मोजता तिला गोड गुंगी यायची, हात आपला चाललेला, आणि ती मात्र कुठेतरी पाण्याच्या मधल्या थरात, जिथे ना आवाज पोचतो ना हाका.

वस्तीतले गळवाले लोक मासा घ्यायला यायचे ते काठी सोबत घेऊनच. कारण त्यांचा एक अनुभव होता. घुम्याचा मासा घरी नेऊन आपण बांधला की तो नीट चालत नाही. मावशीने बांधून दिला की सुतासारखा सरळ जातो. लोक म्हणायचे, मावशीच्या हाताला गुण आहे. मावशी वरवर म्हणायची, गुणबिण काही नाही बाबा, तुम्हाला धड बांधता येत नाही. पण ते लोक गेले की उगीच एकदा स्वतःच्या हाताकडे बघायची.

नवा मासा रंगवून वाळला की त्याची हौदात परीक्षा व्हायची. मावशी गाठ मारून द्यायची, घुम्या काठी धरून हौदाच्या कडेने चालायचा, आणि दोघं पाण्यात बघायची. पहिल्या खेपेला मासा कुठेतरी भरकटायचा. घुम्या तो बाहेर काढायचा, चिमट्याने नाकातली कडी केसभर वाकवायचा, पुन्हा सोडायचा. तीन-चार खेपा झाल्या की मासा हौदाच्या बरोबर मधोमध, कुणी रेघ आखून दिल्यासारखा, टोकापासून टोकापर्यंत जायचा. मग तो दोरीवर चढायचा. सत्तावीस वर्षांत असे किती गेले याचा हिशोब कुणी ठेवला नाही. मावशीला मात्र कधीकधी वाटायचं की ते सगळे मासे अजून तळ्यात कुठेतरी चाललेलेच असतील, एकामागे एक, सरळ.

मग लेकीचं लग्न झालं आणि जावई आला. जावयाचं दूरच्या शहरात गळाच्या सामानाचं मोठं दुकान. माणूस सोन्यासारखा, फक्त बोलायला लागला की थांबायचा नाही. मावशीला हे एका अर्थी बरं वाटलं. घरातली बोलण्याची सरासरी कुठेतरी भरून निघाली. नात झाल्यावर एकदा तो आला तो खिशातून एक चिमूटभर वस्तू काढूनच. बारीक तारेची क्लिप. सेफ्टीपिनचं नुकतंच जन्मलेलं पिल्लू असावं, तशी.

त्या दिवशी पोस्टमनही हौदावर होता, त्यामुळे जुंपली. जावयाचं म्हणणं असं, की पहाटेच्या गारठ्यात बोटं आखडलेली असतात, माणूस एक मासा लावतो, तो चालला नाही तर दुसरा, मग तिसरा. दर वेळी तोडा, ओवा, वेढे द्या, आवळा. दर गाठीला वीतभर तंगूस वाया. त्यापेक्षा क्लिप एकदाच बांधायची, मग नुसतं उघडा, मासा अडकवा, मिटवा. शिवाय गाठ माशाचं नाक आवळून धरते, क्लिपमध्ये तो मोकळा डोलतो.

पोस्टमन म्हणाला, माशाला काय डोळे नाहीत? पाण्यात त्याच्या तोंडासमोर लोखंड लटकवलं तर त्याला कळत नाही होय? आणि मोठा मासा लागला की ही तार उघडणार. मासा गेला, क्लिप उघडी, आणि माणसाचं तोंडही उघडं.

"आणि तुमची गाठ सुटत नाही कधी, काका?"

"माझी सुटते. वहिनींची नाही सुटत," पोस्टमन म्हणाला.

मावशीने क्लिप बोटांत धरून उघडझाप करून पाहिली. ताठ बोटालाही जमत होतं. तिला ती मनातून आवडली, पण पोस्टमनसमोर कबूल कसं करायचं, म्हणून तिने नाक मुरडलं. घुम्याने दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं आणि हौदातला पाला काढायला गेला.

जावई त्या खेपेला तीन डझन मासे घेऊन गेला. दुकानात दर्शनी भिंतीवर टांगले, सोबत क्लिप देऊन विकले. पहिला महिनाभर लेकीचे फोन यायचे ते कौतुकाचे. पुढच्या महिन्यात ती हवापाण्याचंच बोलायला लागली. मावशीने ताडलं की काहीतरी पोटात ठेवतेय. शेवटी एक खोका परत आला. आत एकोणीस मासे, आणि जावयाची चिठ्ठी. चिठ्ठी फार गोड शब्दांत होती, त्यामुळे मावशीला दोनदा अडखळत वाचावी लागली. मतलब एवढाच, की गिऱ्हाइकं म्हणतात मासा जोरात ओढला की उजवीकडे कलतो आणि आडवा पडतो. बाबांनी मनाला लावून घेऊ नये. वय झालं की हाताचं असं होतंच.

घुम्याने खोक्यातला एक मासा उचलून मावशीपुढे धरला. तिने गाठ मारली. तो हौदाच्या कडेने चालला. मासा सरळ गेला. दुसरा काढला, तोही सरळ. पाचवा झाला तसा घुम्या बादली उपडी घालून तिच्यावर बसला.

"मला सरळ दिसतोय," तो म्हणाला.

"सरळच आहे. मलाही दिसतोय की."

"लोकांना वाकडा दिसतो. म्हणजे माझा डोळा गेला."

"मग माझाही गेला काय?"

"तू माझ्याच डोळ्याने बघतेस," घुम्या म्हणाला.

एवढी वाक्यं तो वर्षाकाठी बोलत असेल-नसेल. ते खोटं म्हणायला मावशीकडे काही पुरावा नव्हता. इतकी वर्षं दोघं एकाच पाण्यात एकाच माशाकडे बघत आलेली. एकाचं बघणं दुसऱ्यात मिसळलं असेलही.

तिने त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, एका डोळ्यात मोतीबिंदूची जरा सुरुवात आहे, पण वयाच्या मानाने उत्तम आहे. घुम्याने त्यातलं 'वय' तेवढं उचललं आणि घरी आला. दुसऱ्या दिवशी त्याने पटाश्यांना तेल लावलं, फडक्यात गुंडाळल्या आणि पेटीत ठेवून पेटी भिंतीकडे सरकवली.

घुम्याचं गप्प राहणं मावशीला नवं नव्हतं. पण गप्प राहण्यातही प्रकार असतात. आधीचं गप्प राहणं भरलेलं होतं. त्यात पटाशीचा आवाज होता, भुशाचा वास होता. आताचं रिकामं होतं. तो सकाळी उठायचा, बाकापाशी जाऊन बसायचा, हात मांडीवर ठेवायचा. जेवायला बोलावलं की उठायचा. लाकडाचा एखादा तुकडा हाती आला तर तो उलटसुलट करून परत ठेवायचा, परक्या घरातली वस्तू ठेवावी तसा. मावशीने भांडून पाहिलं. भांडायला दोघं लागतात. तिने लाडीगोडी लावून पाहिली, ती तर तिलाच जमेना.

दुपारी ती आपली चटईवर पडायची. छतावरची जाळी हलत राहायची, पण खाली दोरी रिकामी. अशाच एका दुपारी तिला डोळा लागला आणि खोलीत पाणी भरू लागलं. हळूहळू, उबदार. आधी चटई भिजली, मग बाक बुडालं, मग खिडकी. भीती अशी वाटलीच नाही. मग ते आले. सत्तावीस वर्षांचे सगळे मासे, लाल, हिरवे, ठिपक्यांचे, पट्ट्यांचे, भिंतीतून निघून भिंतीत जाणारे. सगळ्यांच्या नाकात तिचीच गाठ. आणि घुम्या बाकावर पाठमोरा बसलेला, त्याच्या खांद्यावरून, कानाजवळून मासे चाललेले, पण तो मान वर करीना. ती हाक मारत होती, अहो, बघा तरी, कसे चाललेत ते. हाकेचे बुडबुडे होत होते आणि छताला लागून फुटत होते. जाग आली तेव्हा तिचा घसा कोरडा पडला होता, आणि घुम्या खरोखरच पाठमोरा बसलेला होता.

लेकीला हे सगळं फोनवर कळत होतं. तिने ठरवून टाकलं. आता तिथे राहून करायचं काय, आमच्याकडे या, चौथा मजला आहे पण लिफ्ट आहे, गॅलरीतून बाग दिसते, नातीलाही सोबत होईल. सगळं खरं होतं. मावशी हो हो म्हणत गेली. फोन ठेवल्यावर तिच्या मनात आलं, की तिथे घुम्या गॅलरीत बसेल, बाग बघेल, आणि असाच एक दिवस बघता बघता संपेल. बाक तिथे मावणार नव्हतं. ते विकत घ्यायला एकजण येऊन मापं घेऊनसुद्धा गेला होता.

महिनाअखेरीस लेक आणि जावई न्यायला आली. लेकीने आल्या आल्या पदर खोचला आणि भांडी कागदात गुंडाळायला घेतली. घुम्याला खुर्चीत बसवलं. तो बसला. जावई आज बोलत नव्हता, त्यावरून मावशीला कळलं की त्यालाही हे जड जातंय. तो हौदाजवळ उभा राहून पाण्यात बघत होता. मावशी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"जावईबापू, एक करता का? तो कलतो कसा, ते मला एकदा दाखवा."

"राहू द्या ना आई. कशाला उगाच."

"बाबांना नाही सांगत. मला बघायचंय. इतकी वर्षं बघतेय, मला कधी दिसला नाही. एकदा दिसू तर द्या."

जावयाने गाडीतून आपली काठी आणली. तिच्या तंगुसाच्या टोकाला क्लिप होतीच. परत आलेल्या खोक्यातला एक लाल मासा त्याने उचलला, क्लिप उघडली, कडीत अडकवली, मिटवली आणि हौदाच्या कडेने भराभर चालू लागला. मासा निघाला. पाच-सहा पावलं गेला आणि उजवीकडे झुकला. मग आणखी झुकला. मग कुशीवर पडून, दमलेल्या माणसासारखा, पांढरं पोट दाखवत पाण्याच्या वर आला.

जावयाने ओशाळून मावशीकडे पाहिलं. मावशीच्या चेहऱ्यावर दुःख असेल असं त्याला वाटलं होतं. ती तर उजळली होती.

"मला दिसला," ती म्हणाली. "कललेला दिसला मला." आणि खोलीकडे तोंड करून, "अहो, जरा इकडे या. आत्ताच्या आत्ता या."

घुम्या आला. जावयाने मासा पुन्हा ओढला, मासा पुन्हा कलला.

"काय दिसलं?" मावशीने विचारलं.

"कलला."

"कुठे?"

"उजवीकडे. सहाव्या पावलाला." घुम्या बोलता बोलता थबकला. डोळा गेलेल्या माणसाला सहावं पाऊल कसं दिसलं, हे त्याच्याही ध्यानात आलं असावं.

मावशीने जावयाच्या हातून काठी घेतली, दाताने क्लिपच्या वर तंगूस तोडला आणि त्याच लाल माशाला गाठ मारायला बसली. यावेळी डोळे उघडे ठेवून. पाच वेढे, ओठ, ओढ, अंगठ्याचं नख. घुम्याने मासा ओढला. मासा सुतासारखा सरळ गेला, पंचवीसच्या पंचवीस पावलं. लेक हातात कागद गुंडाळलेली कढई घेऊन दारात येऊन उभी राहिली होती.

आता तुम्ही बांधा, मावशी जावयाला म्हणाली. जावयाने बांधली, चांगली घट्ट, शिकवल्यासारखी. मासा सहाव्या पावलाला उजवीकडे आडवा.

घुम्याने मासा उचलला, नाकाशी नाक लावून बघावं तसा डोळ्यांजवळ धरला. कडी उजवीकडे वाकलेली होती. त्यानेच वाकवलेली. मग त्याने मावशीचा उजवा हात आपल्या हातात घेतला. लेकीसमोर, जावयासमोर असं काही त्याने जन्मात केलं नव्हतं, त्यामुळे मावशी आधी संकोचून गेली. तो मात्र अंगठा बघत होता. अंगठ्याचं नख गाठ दाबतं ते डावीकडे. बोट ताठ, म्हणून अंगठा. अंगठा, म्हणून डावीकडे. प्रत्येक गाठ कडीवर डाव्या अंगाला बसलेली, आणि ती मासा डावीकडे ओढणार म्हणून प्रत्येक कडी केसभर उजवीकडे.

"अगं हो," घुम्या म्हणाला. "पहिल्या वर्षी लक्षात आलं होतं माझ्या. मग विसरलो."

"काय लक्षात आलं होतं?"

"तुझी गाठ डावीकडे बसते ते."

मावशीने हात सोडवून घेतला. तिच्या डोळ्यांसमोरून ते सगळे काठ्या घेऊन येणारे लोक गेले. गुण म्हणे. गुण कसला, खोट होती, आणि नवरा सत्तावीस वर्षं चिमट्याने ती झाकत आला होता. तिला राग आला आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे कुठलंच धड बाहेर पडेना.

"मग सांगितलं का नाहीत मला?"

घुम्याने माशाची कडी बोटाने चाचपली.

"सांगितलं असतं तर तू सरळ मारायला लागली असतीस."

"मग? बिघडलं असतं काय?"

"तोवर दिलेले सगळे वाकडे झाले असते. लोक परत बांधून घ्यायला तुझ्याकडेच यायचे ना."

मावशीला पोस्टमनची काठी आठवली, गाठ तुटली की दर रविवारी दारात उभी. लेक आधी हसली, मग कढई खाली ठेवून डोळे पुसायला लागली, आणि जावयाला एकदम वाचा फुटली. तो हौदाच्या कडेने येरझाऱ्या घालत सांगू लागला, की बाबा, म्हणजे तुमचा हातही ठीक आणि डोळाही ठीक, गाढव मीच, क्लिप लावायच्या आधी इथे आणून एकदा दाखवायला हवी होती. कुणी त्याला अडवलं नाही. गाढव म्हणून घेतोय तर घेऊ द्यावं, असं सगळ्यांनाच वाटलं.

घुम्या खोलीत गेला. भिंतीकडची पेटी ओढल्याचा आवाज झाला. चिमटा घेऊन तो बाहेर आला, त्या लाल माशाची कडी धरली, आणि तिथेच अडला. हात त्याच्या मनासारखा वळेना. कडी उजवीकडे वाकवायची, एवढंच त्या हाताला माहीत होतं. सरळ करायची म्हणजे सत्तावीस वर्षं उलटी फिरवायची. त्याने मावशीकडे बघितलं.

ती अजून हौदाच्या कठड्यावर बसून होती, अंगठा दुसऱ्या मुठीत लपवून. तिला कळत होतं, तो काय विचारतोय. एकदा या कड्या सरळ झाल्या की जावयाच्या दुकानातून गेलेला मासा कुणाच्याही हातात सरळ जाईल. तिला विचारायला कुणी यायचं नाही. पाण्यावरचं ऊन तिच्या पायांवर, साडीवर, हातांवर हलत होतं, आणि क्षणभर तिला वाटलं की तीच हलतेय, आणि ऊन जागच्या जागी आहे.

"करा सरळ," ती म्हणाली. "एवढ्या लोकांना मी कुठे पुरणार?"

घुम्याने कडी वळवली. मावशीने जावयाकडून काठीच्या तंगुसाला क्लिप बांधून घेतली, उघडली, स्वतःच्या हाताने मासा अडकवला आणि मिटवली. टिचकीएवढा आवाज झाला. त्यात ना ओठ लागले ना नख. घुम्या नेहमीप्रमाणे काठी घ्यायला पुढे येईल म्हणून तिने ती त्याच्यापुढे धरली. त्याने ती घेतली नाही.

"तू ओढ," तो म्हणाला. "मी बघतो."

तो हौदाच्या पार पलीकडच्या टोकाला जाऊन उभा राहिला, कपाळावर हात आडवा धरून. एवढ्या लांबून. लेक म्हणाली, बाबा, जवळून बघा की. त्याने ऐकलं नाही.

मावशी चालू लागली. काठी धरून ती आजवर कधी चालली नव्हती. तंगुसातून मासा हाताला लागत होता. थरथर, थरथर, झोपलेल्या बाळाची छाती हाताला लागावी तशी. पाण्याखाली तो लाल ठिपका तिच्या सोबतीने चालला होता, आणि त्याच्यावर आभाळ, आणि आभाळात तिचं डोकं. ती पावलं मोजायची विसरली. सहावं कधी गेलं, कळलं नाही. मासा मधोमध होता. कुठेही कलत नव्हता. अगदी सरळ होता, तिला तरी तसाच दिसत होता.

"थांब," पलीकडून घुम्या म्हणाला. "कडी अजून केसभर डावीकडे हवी."

आणि चिमटा घेऊन तो हौदाच्या कडेने तिच्याकडे यायला निघाला.